बाराखडी येते, पण वाचता येते का?

पहिली-दुसरीतले मूल बाराखडी घडाघडा म्हणू लागले, की त्याला वाचता येऊ लागले असे आपण सहज धरून चालतो. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराच नेमका असल्यामुळे हा समज अधिकच पक्का होतो, कारण मुळीच न कळलेला उताराही मूल न अडखळता वाचून दाखवू शकते.

फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये असे मांडले, की वाचून समजणे हा लिपी उलगडण्याचे कौशल्य आणि ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार असतो. म्हणजे एक घटक शून्य असेल, तर दुसरा कितीही मोठा असला तरी उत्तर शून्यच. सुरुवातीच्या इयत्तांत मुलामुलांतला फरक मुख्यतः लिपीचा असतो. पुढे पाठ्यपुस्तकात भूगोल, विज्ञान, अनोळखी शब्द आणि लांब वाक्ये येऊ लागली, की शाळेत येण्यापूर्वी मुलाशी कोण, किती आणि कशाबद्दल बोलले होते, याचे वजन वाढत जाते.

लिपी उलगडण्यालाही बोलण्याचाच आधार असतो. भेंड्यांच्या खेळात शेवटचे अक्षर कानाने वेगळे काढावे लागते. ‘च’च्या भाषेत ‘घरी’चे ‘चरीघ’ करायचे, तर शब्दाचे तुकडे करून त्यांची अदलाबदल करावी लागते. मोठ्यांना हा निव्वळ चावटपणा वाटतो. मला मात्र तो पाटी-पेन्सिलीविना होणारा उत्तम पूर्वाभ्यास वाटतो.

बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांच्या १९९५ च्या पुस्तकामुळे गरीब घरांतील मुलांच्या कानांवर तीन कोटी शब्द कमी पडतात, हे वाक्य जगभर पसरले. अमेरिकेतल्या अवघ्या ४२ कुटुंबांवरून काढलेल्या या आकड्यावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. पालघरच्या वारली पाड्यावरचे मूल भाषेत दरिद्री नसते. त्याच्याजवळ गोष्टी, गाणी, झाडापाखरांची नावे असतात, फक्त ती पुस्तकी मराठीत नसतात. बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षण मुलांच्या अंगणात नेले, त्याचे मोल इथे कळते. अशा मुलाशी पहिल्या वर्षी वारलीतून भरपूर गप्पा झाल्या, तर नव्या मराठी शब्दांना अर्थाचा आधार मिळतो. अक्षरओळख त्याच काळात चालू ठेवायला हरकत नाही. तिच्यासाठी गप्पांचा वेळ मात्र कापला जाऊ नये.