सॉल्ट लेकच का? तुम्ही विचारलंत म्हणून

कॅलिफोर्नियातल्या सनीवेलच्या मैत्रिणी विचारतात, नाशिकला गेले की आत्या विचारते, आणि हल्ली नुकतीच नोकरीला लागलेली मुलंही विचारायला लागली आहेत: डेटा इंजिनिअर असून सॅन फ्रान्सिस्कोजवळचा बे एरिया सोडून युटातल्या सॉल्ट लेक सिटीला का जाऊन राहिलीस? मैत्रिणींनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं. मुलांचं तसं नाही. करिअर हवं, स्कीइंगही हवं, तर घर कुठे करावं हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं. इतकी वर्षं मी सगळ्यांना ‘इथे घरं परवडतात’ एवढं सांगून मोकळी होत होते. आता इथलीही घरं परवडेनाशी झाली आहेत. मी इथे बर्फासाठी आले. हे एकदा सरळ लिहायचं होतं.

मुलांसाठी आधी थोडं कामाचं. नकाशावरचे मैल मोजू नका. बे एरियातल्या सॅन होजेहून स्कीइंगसाठी टाहो चार तास म्हणतात. शुक्रवारी दुपारी ऑफिसातून निघालात तर सॅक्रमेंटो यायच्या आतच अंधार पडतो, पुढे आय-८० महामार्गावर डॉनर समिट खिंडीच्या अलीकडे चेन कंट्रोल, म्हणजे चाकांना साखळ्या लावायची सक्ती, आणि ज्या दिवशी बर्फ सगळ्यात चांगला पडतो नेमका त्याच दिवशी रस्ता बंद. मी काही हिवाळे हे केलं. शनिवारी लिफ्टच्या रांगेत अंगात त्राण नसायचं आणि रविवारी सकाळपासूनच परतीचा घोर लागायचा. डेन्व्हरला नोकऱ्या इथल्यापेक्षा जास्त, पण डोंगरात जायचं तर भिस्त आय-७० वर, आणि शनिवारी आयझेनहॉवर बोगद्याच्या अलीकडे गाड्यांची रांग. सिएटलचं मात्र आजही मनात येतं. तिथे आमच्या क्षेत्रातल्या नोकऱ्यांना तोटा नाही आणि स्नोक्वाल्मी पास तासाभरावर आहे. पण त्या खिंडीची उंची जेमतेम तीन हजार फूट. ऐन जानेवारीत तिथे पाऊस पडतो.

इथल्या आल्टा या स्की रिसॉर्टचा पायथाच साडेआठ हजार फुटांवर आहे. वर्षाला सरासरी पाचशे इंचांहून जास्त बर्फ, तोही कोरडा, हातात घेतला तर मूठ वळत नाही असा. आणि रस्ता कोरडा असेल तर माझ्या घरापासून पाऊण तासाच्या आत. मला सांगायचंय ते एवढंच: कॅलिफोर्नियात स्कीइंग सुट्टीच्या दिवशी व्हायचं, इथे ते मंगळवारी ऑफिसच्या आधी होतं.

पहाटे उठून अ‍ॅव्हलांच सेंटरची त्या दिवसाची हिमस्खलनाच्या धोक्याची माहिती वाचायची. धोका कमी असेल तरच मैत्रिणीला मेसेज. आल्टाजवळच्या ग्रिझली गल्च दरीच्या पायथ्याशी स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाच्या पट्ट्या चिकटवायच्या. एका बाजूला गोंद, दुसऱ्या बाजूला आखूड लव. ती पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. हेडलॅम्पच्या उजेडात तासभर चढायचं, बोलायचं नाही. वर पोचलं की स्किन फर्रकन ओढून काढायच्या आणि गोंद गोठू नये म्हणून जॅकेटच्या आत छातीशी ठेवायच्या. बुटाची टाच स्कीवरच्या बाइंडिंगमध्ये खटकन बसली की खाली. साडेनऊच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, मी कॅमेरा सुरू करून बसलेली असते आणि डोकं इतकं स्वच्छ असतं की दुपारपर्यंत माझं दिवसाचं काम उरकतं. हा छंद नोकरीच्या आड येतो असं म्हणणाऱ्यांनी माझं गुरुवारी संध्याकाळचं काम आणि मंगळवारचं काम शेजारी ठेवून बघावं.

मी सह्याद्रीत वाढले. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर हे आमच्या दारातले डोंगर. तिथे उतरताना गुडघे बोलायला लागतात, लक्ष पायाखालच्या सुट्या दगडावर असतं. डोंगर उतरण्यात इतकं सुख असू शकतं हे मला मिशिगनमध्ये एमएस करताना एका बुटक्या टेकडीवर कळलं. तेव्हापासून ती ओढ सुटलेली नाही, आणि ती का आहे याचं स्पष्टीकरण आता देणार नाही. गाण्यासाठी पुण्यात राहिलेल्या माणसाला कोणी विचारत नाही.

आता इथलं जे वाईट आहे तेही सांगते, कारण ते मी लपवते असं माझा नवरा म्हणतो. हिवाळ्यात खोऱ्यात इन्व्हर्जन होतं. थंड हवा तळाशी अडकते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि गाड्यांचा, घरांच्या हीटरचा धूर दिवसेंदिवस आतच कोंडून राहतो. वर आल्टाला निळंभोर आकाश आणि खाली आमच्या मुलीच्या शाळेत मधली सुट्टी वर्गातच, कारण बाहेर श्वास घेणं बरं नाही. तिला डांग्या खोकल्यासारखी ढास लागते. शेजारच्या ग्रेट सॉल्ट लेकचं पाणी २०२२ च्या नोव्हेंबरात नीचांकाला गेलं. उघड्या पडलेल्या तळाच्या धुळीत आर्सेनिक आहे. मी वर जाऊन चांगली हवा घेते आणि घरचे खाली असतात. यावर माझ्याकडे उत्तर नाही, एअर प्युरिफायर आहे.

पण ‘का’ विचारणाऱ्यांना खरं तर २०२३ चा जानेवारी ऐकायचा असतो. तेव्हा काय झालं हे त्यांना अर्धवट माहीत आहे, म्हणून पूर्ण सांगते.

त्या हिवाळ्यात आल्टाला विक्रमी ९०३ इंच बर्फ पडला, म्हणजे पंचाहत्तर फूट. आल्टाला जाणारा लिटल कॉटनवुडचा रस्ता हिमस्खलनाच्या साठाहून जास्त वाटांखालून जातो, त्यामुळे तो सारखा बंद व्हायचा. असाच तो एका सकाळी बंद होता म्हणून मी घरी होते. नऊ वाजता पंधरा मिनिटांची मीटिंग कॅलेंडरवर आली. मॅनेजरशेजारी एचआरचा अनोळखी चेहरा दिसला तेव्हाच समजलं. दुपारी लॅपटॉप लॉक झाला. त्याच आठवड्यात शेवटचा दिवस. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला नोकरी गेल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने अर्ज दाखल केला नाही तर बहुतेकदा देश सोडायचा. नवऱ्याचं वर्क परमिट माझ्याच व्हिसावर टांगलेलं. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होऊन बरेच महिने झाले होते, म्हणून ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख तरी शाबूत होती.

छोट्या शहराची किंमत काय असते ते मला तेव्हा कळलं. इथून दक्षिणेच्या लीहाय गावापर्यंत कंपन्या आहेत, पण भरती थांबली की सगळ्यांची एकदम थांबते. ज्यांच्याकडे जागा होती त्यातल्या बऱ्याच जणांनी पहिल्याच फोनवर सांगितलं, ‘आम्ही व्हिसा स्पॉन्सर करत नाही.’ बे एरियात हे वाक्य इतक्यांदा ऐकावं लागलं नसतं. मुदत निम्म्याहून जास्त सरली आणि सॅन होजेहून ऑफर आली. पगार आधीपेक्षा बराच जास्त, हुद्दा वरचा, त्यांचे वकील तयार. अट एकच: तिथे येऊन राहायचं, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. उत्तर दोन दिवसांत.

नवरा म्हणाला, घे. नाशिकहून बाबांचा फोन आला. ‘अगं, खेळणं-बागडणं पोट भरल्यावर. पोरीची शाळा, नवऱ्याची नोकरी, सगळं एका बर्फापायी टांगतेस?’ मी त्यांना म्हटलं, बाबा, तुम्ही नाशिकबाहेरची बँकेतली बदली दोनदा नाकारलीत, प्रमोशन सोडलंत, ते आजीसाठी. ते म्हणाले, आजी माणूस होती. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात भांडी घासत बसले. नवरा दारात उभा राहिला आणि म्हणाला, नाही म्हणायचं असेल तर निदान कारण नोकरीचं सांगू नकोस. रात्री उशिरा आम्ही भांडलो, मुलगी उठेल म्हणून दबक्या आवाजात. सकाळी मी ऑफर नाकारली.

पुढचे आठवडे कसे गेले ते मी त्याच्या वतीने लिहू शकत नाही. तो सामानाच्या याद्या करत होता, काय विकायचं, काय नाशिकला न्यायचं. अगदी शेवटी इथल्याच एका आरोग्यसेवा संस्थेने घेतलं, पगार जवळपास पाव हिश्शाने कमी. मुदत संपायच्या आत अर्ज दाखल झाला आणि मी कामाला लागले. ग्रीन कार्डाची कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून.

हे धाडस होतं असं मी म्हणत नाही. शेवटी ही इथली ऑफर आली नसती तर? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त मीच विचारते. सनीवेलला असतानाची मी एक तक्ता करून बसले होते: पगार, भाडं, डोंगराचं अंतर, प्रत्येकाला गुण. नोकरी गेली तर शहरात दुसऱ्या किती जणांकडे जाता येईल, असा रकानाच त्यात नव्हता. पण तो असता आणि सॉल्ट लेकला त्यात शून्य मिळाला असता, तरी मी आलेच असते, असं मला वाटतं. त्या वेळची मी म्हणते, मग तक्ता कशाला केलास? तिला काय सांगावं ते अजून सुचलेलं नाही.

नवऱ्याने हे वाचलं. तो म्हणाला, जे आहे ते लिहिलंस, पण एक राहिलं: आम्ही ठरवलं असं तू बाहेर सगळीकडे सांगतेस, ते तू ठरवलंस. मी म्हटलं, घर घेताना तूही सही केलीस. तो म्हणाला, घरावर केली, त्या सकाळी काय करायचं त्यावर नाही. यावर आमचं अजून एकमत नाही. मुलगी आता केर्न्सच्या ऑलिंपिक ओव्हलवर स्केटिंग शिकते आणि तिला इथून हलायचं नाही, हा मुद्दा मी मांडला. तिच्या खोकल्याचा मुद्दा त्याने मांडला. सिएटलच्या एका रिक्रूटरचा मेल माझ्या इनबॉक्समध्ये पडून आहे. त्याला मी ‘नको’ असं उत्तर लिहून ठेवलंय आणि अजून पाठवलेलं नाही. एप्रिलमध्ये लिफ्ट बंद झाल्यावर दोघांनी बसून बोलायचं ठरलंय, या वेळी दोन दिवसांची मुदत नसताना.