बरणीतले पाणी निवळले तरी

बऱ्याच कोरड्या दिवसांनंतर जोराचा पाऊस झाला, तेव्हा रस्त्याच्या कडेने गटाराकडे धावणारे पाणी मी एका काचेच्या बरणीत भरून घेतले. भरताना ते काजळी कालवल्यासारखे काळे होते. रात्रभरात तळाशी गाळाचा मऊ थर बसला आणि वरचे पाणी बरेचसे निवळले. कागदात गुंडाळलेले लोहचुंबक त्या गाळातून फिरवले, तर कागदावर बारीक काळी भुकटी उभ्या केसांसारखी चिकटून आली. त्यात मातीतले लोह असते, तशी ब्रेकच्या बिडाच्या तबकड्यांची झीजही असते. पण मला काळजी वाटते ती चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूंची, म्हणजे तांबे, जस्त, शिसे आणि कॅडमियम यांची.

नदीत जड धातू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कारखान्याचा पाइप येतो. शहरातल्या पावसाच्या पाण्याला असा एकच पाइप नसतो. उष्णता लवकर वाहून जावी म्हणून ब्रेक पॅडमध्ये वर्षानुवर्षे तांबे घातले गेले, आणि प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की त्याची थोडी धूळ रस्त्यावर पडते. टायरचे रबर पक्के करण्यासाठी झिंक ऑक्साइड लागते, त्यामुळे टायर झिजतो तेव्हा जस्तही झिजून पडते. जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात हळूहळू विरघळतात, आणि जस्तासोबत अशुद्धीच्या रूपाने येणारे कॅडमियमही थोडे वाहून जाते. शिशाची गोष्ट जुनी आहे. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणे अल्जेरियाने 2021 मध्ये थांबवले आणि त्यानंतर जगात असा देश उरला नाही, परंतु दशकानुदशके धुरातून खाली बसलेले शिसे रस्त्यांलगतच्या मातीत अजून आहे आणि ती माती धुपली की तेही निघते.

अमेरिकेत 1983 मध्ये पूर्ण झालेल्या शहरी पाऊसपाण्याच्या देशव्यापी पाहणीत तपासलेल्या नमुन्यांपैकी दहात नऊहून अधिक नमुन्यांत तांबे, शिसे आणि जस्त सापडले होते. डांबर आणि काँक्रीटमधून पाणी मुरत नाही, आणि जिथे पावसाळी गटारे सांडपाण्याच्या वाहिन्यांपासून वेगळी असतात तिथे हे पाणी बहुधा कोणत्याही प्रक्रियेविना थेट ओढ्यात किंवा नदीत जाते. साठलेली धूळ पावसाच्या पहिल्या लोंढ्यात उचलली जाते, म्हणून सर्वाधिक धातू अनेकदा सुरुवातीच्या पाण्यात असतात.

बरणीतल्या निवळलेल्या पाण्याकडे पाहून मला समाधान वाटले होते, ते चुकीचे होते. गाळाला चिकटलेला धातू तळाशी बसतो, पण तांबे आणि जस्त यांचा मोठा भाग विरघळलेला असू शकतो, आणि जलचरांना सर्वाधिक बाधतो तो हाच भाग. मासे मरून तरंगले नाहीत म्हणजे सारे ठीक आहे, असेही नाही. लिटरमागे तांब्याचे मोजके मायक्रोग्रॅम सामन माशांच्या पिल्लांची गंध ओळखण्याची शक्ती काही तासांत कमी करतात. जखमी माशाच्या त्वचेतून पाण्यात पसरणारा धोक्याचा गंध त्यांना कळत नाही, आणि शिकारी मासा जवळ आला तरी ती पोहतच राहतात. पाणी जितके मृदू, तितके हे विष तीव्र, कारण कठीण पाण्यातले कॅल्शियम कल्ल्यांपाशी धातूला अटकाव करते.

धातू कुजत नाही, विघटित होत नाही, फक्त जागा बदलतो. गाळ बसवणारी तळी जाड कण चांगले अडवतात, पण वजनाच्या मानाने जास्त धातू बाळगणारे अतिसूक्ष्म कण आणि विरघळलेला भाग त्यांतून बऱ्याच अंशी निसटतो. वाळू, माती आणि सेंद्रिय खत यांच्या थरांतून पाणी गाळणाऱ्या पाऊसबागा अधिक उपयोगी ठरतात आणि बहुतेक धातू वरच्या काही सेंटिमीटरांतच धरून ठेवतात. मात्र तो वरचा थर वेळोवेळी खरवडून त्याची नीट विल्हेवाट लावावी लागते. बाग करताना उत्साह असतो, पण दहा वर्षांनी तो थर काढायला कोण येणार, हे मला आधीच ठरलेले हवे आहे.

माझा अधिक विश्वास मुळाशी केलेल्या उपायावर आहे. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या अमेरिकी राज्यांनी 2010 मध्ये कायदे करून ब्रेक पॅडमधील तांब्यावर मर्यादा घातली, ती 2021 पासून वजनाच्या 5 टक्के आणि 2025 पासून 0.5 टक्का. तांब्याविना ब्रेक लागतात, हे उत्पादकांनी दाखवून दिले आहे. जस्ताचे काम अवघड आहे, कारण टायरमधील झिंक ऑक्साइडला तितकाच चांगला पर्याय अजून सर्रास वापरात नाही. उघड्या पत्र्यांना रंगाचा टिकाऊ लेप देणे मात्र आजच शक्य आहे, आणि त्याने छपरावरून येणारे जस्त पहिल्याच पावसापासून कमी होते.