कुठल्या हेडफोनला किती दाब?

हेडफोनसाठी वेगळा अँप्लिफायर घेतलाय असं सोलापुरात कुणाला सांगितलं, की समोरचा आधी माझ्या कानाकडे बघतो. ऐकू कमी येतंय का, हे त्याच्या जिभेवर आलेलं असतं. भिडेपोटी विचारत नाही एवढंच. भाच्याला असली भीड नाही. "मामा, मोबाईलवर पण आवाज येतोयच की. मग ह्या डब्यात एवढे पैसे कशाला घातलाव?"

प्रश्न रास्त आहे. आणि नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात त्याचं उत्तर समजावणंही सोपं आहे. नळी बारीक असेल तर दाब हवा. नळी रुंद असेल तर थोडा दाब चालतो, पण मागे पाणी भरपूर हवं. ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. ३०० ओहमचा हेडफोन म्हणजे बारीक नळी: त्याला व्होल्ट लागतात, करंट फारसा लागत नाही. १६ किंवा ३२ ओहमवाल्याचं उलटं. मोबाईल बॅटरीवर चालतो, त्याला फार व्होल्ट काढता येत नाहीत. म्हणून मोबाईलबरोबर वापरायचे हेडफोन कमी ओहमचे. बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ८८० हा एकच हेडफोन ३२, २५० आणि ६०० अशा तीन ओहमांत निघाला, तो काही उगाच नाही.

पण नुसत्या ओहमवर जाऊ नये. खोक्यावर बारीक अक्षरात छापलेली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या विजेवर हेडफोन किती आवाज काढतो ते, जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी वाचत नाही. माझ्याकडचा सेनहायझर एचडी ६५० हा ३०० ओहमचा, म्हणजे दिसायला अवघड. पण १ व्होल्ट दिला की तो १०३ डेसिबल आवाज काढतो. त्याला ११० डेसिबलपर्यंत न्यायला १७ मिलिवॉट पुरतात. हायफायमॅनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा, दिसायला गरीब. मात्र १ मिलिवॉटला त्याचा आवाज जेमतेम ८३.५ डेसिबल. त्यालाही ११० वर न्यायचं तर साडेचारशे मिलिवॉटच्या आसपास लागतात! असल्या हेडफोनला मोबाईल लावला तर आवाज येतो, पण तबल्याची थाप पडते तिथे जीव नसतो.

मग सगळ्यांना ताकदवान अँप्लिफायरच लावावा का? तर नाही. माझ्या मित्राकडे शुअरचे कानात घालायचे एसई८४६ आहेत. ९ ओहमचे, १ मिलिवॉटला ११४ डेसिबल देणारे. ते त्याने हौसेने एका दणकट अँप्लिफायरला लावले. गाणं सुरू व्हायच्या आधीच कानात सुंऽऽ अशी खरखर. अँप्लिफायरची स्वतःची कुरकुर मोठ्या हेडफोनमध्ये ऐकूच येत नाही. या चिमुकल्यांत ती स्पष्ट येते. शिवाय व्हॉल्यूमचं बटण केसभर फिरवलं की आवाज अंगावर. यांना लागतो तो शांत आणि आउटपुटचा अडथळा कमी असलेला अँप्लिफायर. ठोकताळा असा, की अँप्लिफायरचा हा अडथळा, म्हणजे आउटपुट इम्पीडन्स, हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावा. ९ ओहमला म्हणजे साधारण १ ओहम. तो वाढला की आवाजाचा रंगच बदलतो, कारण हेडफोनचे ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात.

हाच दोष काही ठिकाणी गोड लागतो, आणि मला या विषयात सगळ्यात मजा तिथेच वाटते. एचडी ६५० चा इम्पीडन्स खर्जाकडे, शंभर हर्ट्झच्या जरा अलीकडे, पाचशे ओहमच्या घरात चढतो. आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांच्या, अँप्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स १२० ओहमही असू शकतो. हिशेब केला तर त्या जागी आवाज जेमतेम एक डेसिबल उचलला जातो. डग्ग्याचा घुमारा तिथेच असतो. कागदावर ही चूक, पण 'घे' हा बोल वाजल्यावर मनगटाने चामडं दाबून ओढलेली ती मींड अशी भरून येते, की चूक सुधारायला मी तयार नाही. मोजमापवाल्यांनी हवं ते म्हणावं. फक्त सोलापूरच्या मे महिन्यात व्हॉल्व्ह पेटवायचा नाही. खोलीत आधीच भट्टी असते, त्यात हा शेजारी बसून शेंगा भाजता येतील इतका तापतो.

ताकद हातात आली की आवाज वाढवायचा मोह होतो, तेवढा मात्र आवरावा. ८५ डेसिबल आठ तास चालतात; पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा, असा एक मापदंड आहे. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचा जन्म यंत्रमागावर गेला ती माणसं शेजारी बसूनही ओरडून बोलतात. सवय असं आपण म्हणतो. कान कारखान्यात गेलेले असतात.

भाच्याला पटवायला मी दोन अँप्लिफायर शेजारी मांडले. दोन्ही ट्रान्झिस्टरचे, म्हणजे बिनव्हॉल्व्हचे; एक महाग, एक स्वस्त. तुलना करताना आवाज सारखा ठेवावाच लागतो, कारण जो किंचित मोठा तो नेहमी चांगला वाटतो. म्हणून एकच सूर लावून मल्टिमीटरने दोन्हींचे व्होल्ट जुळवले. एचडी ६५० चढवला. तो उघड्या पाठीचा, त्यामुळे बाहेरचं सगळं आत येतं. भाचा डोळे मिटून ऐकत होता, मी वायर बदलत होतो. मग जागा बदलल्या. कुठला महाग ते त्यालाही सांगता आलं नाही आणि मलाही नाही.

"मामा, मला तर कूलरच ऐकू येतोय," तो म्हणाला.

महागाचा विकायला काढलाय. गिऱ्हाईक घासाघीस करतंय. पण भाव पडून पडून कितीही पडला, तरी कूलरला बिनआवाजी मोटर बसवून वर पैसे उरतील.