वाटेत चार्जिंग संपलं तर?

पुण्याहून चिपळूणला माहेरी जाताना इलेक्ट्रिक गाडी नेते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘वाटेत चार्जिंग संपलं तर? भीती नाही वाटत?’ सोसायटीत, लग्नाच्या मांडवात, साताऱ्याच्या पुढे चहाला थांबलं तर तिथेही. उभ्या उभ्या ‘नाही हो, जमतं’ एवढंच सांगून होतं. पण विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खरोखर गाडी घ्यायची असते आणि घरात म्हातारी माणसं, लहान मुलं असतात. त्यांच्यासाठी नीट लिहिते आहे.

बॅटरी अचानक संपत नाही. टक्के डोळ्यांसमोर उतरत असतात, गाडी खूप आधीपासून सांगत असते. धास्ती वाटते ती पुढच्या चार्जरची. नकाशात दिसतोय तो चालू असेल का? गन, म्हणजे गाडीला लावायचा चार्जरचा प्लग, मोकळी असेल का? पैसे वळते झाल्यावर चार्जिंग सुरू होईल ना? म्हणून ‘मोठी बॅटरी घ्या, भीती जाईल’ हे मला फारसं पटत नाही. बंद चार्जरसमोर मोठ्या बॅटरीवाल्याचाही चेहरा उतरतोच.

माझी भीती गेली ती हिशेबाने. एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाईल याच्या कंपनीने कागदावर दिलेल्या किलोमीटरांकडे मी बघतच नाही. तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, ठरावीक वेगांच्या चक्रात मोजलेला असतो आणि त्या चक्रात वेग ९०च्या पलीकडे जात नाही. हायवेवर एसी लावून, चार माणसं आणि सामान घेऊन तेवढं अंतर मिळणार नाही, हे धरूनच निघायचं. माझ्या गाडीची बॅटरी साधारण ४० युनिटांची. शांतपणे चालवली तर एका युनिटला ७ किलोमीटर जाते, घाई केली तर ६ किंवा त्याहून कमी. म्हणजे पूर्ण भरून निघाले तर २४० ते २८०. चिपळूण आमच्याकडून सव्वादोनशेच्या पुढेच. एका दमात पोचता येईल कदाचित, पण तसा प्रयत्न मी करत नाही. साताऱ्याच्या आसपास थांबते. तेव्हा बॅटरी निम्म्याच्या वर असते, आणि तेच मला हवं असतं. तिथला चार्जर बंद निघाला तर पुढच्या चार्जरपर्यंत, नाहीतर मागच्यापर्यंत जाण्याइतकी वीज हातात असते. नियम म्हणाल तर हाच एक: ज्या चार्जरवर भरायचं ठरवलंय, त्याच्यापर्यंत नव्हे, त्याच्या पुढच्यापर्यंत पुरेल एवढं गाडीत हवं. पावसाळ्यात हे जास्तच पाळते. दरड आली आणि घाट बंद झाला तर मागे कराडपर्यंत यावं लागतं, आणि ते अंतर कुठल्याही ॲपने धरलेलं नसतं.

घाटाचं सगळे विचारतात, आणि घाटाबद्दलच गैरसमज सगळ्यात जास्त आहेत. आम्ही उंब्रजला हायवे सोडतो आणि पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरतो. चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला, घाटमाथा सुमारे ६०० मीटर वर. परत येताना ही उंची चढायची. गाडी, माणसं आणि आईने भरून दिलेल्या पिशव्या धरून वजन १,८०० किलो मानलं, तर तेवढं वजन ६०० मीटर वर उचलायला ३ युनिट लागतात. शाळेतल्या भौतिकशास्त्राचा हिशेब आहे, कुणीही करून बघावा. मोटरमध्ये थोडं वाया जातं, म्हणून साडेतीन धरा. म्हणजे पूर्ण कुंभार्लीची किंमत सपाटीवरच्या २५ किलोमीटरांएवढी. घाटात अर्धी बॅटरी जाते असं मला ज्यांनी सांगितलं, त्यांना मी हा हिशेब दाखवते. मात्र चढताना टक्के भराभर उतरतात आणि ‘उरलेले किलोमीटर’ हा आकडा धडाधड कोसळतो, कारण गाडी मागच्या काही किलोमीटरांवरून पुढचा अंदाज बांधते. तिला माथा किती लांब आहे ते कळत नाही. तुम्हाला कळतं. तेव्हा त्या आकड्याकडे न बघता टक्के बघा आणि माथ्यावर पोचा. सपाटी लागली की आकडा पुन्हा वर येतो.

उतरताना उलटं होतं. मोटर जनित्रासारखी चालते, वेग आवरता आवरता वीज बॅटरीत परत जाते, आणि खाली पोफळीला पोचेपर्यंत टक्के वाढलेले दिसतात. पण बॅटरीत जागा असेल तरच! महाबळेश्वरला हॉटेलात रात्रभर गाडी लावून १०० टक्के भरलीत आणि सकाळी पसरणी किंवा आंबेनळी घाट उतरायला लागलात, तर वीज घ्यायला जागाच नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ९०ला थांबवा. हे मला सुरक्षिततेसाठी महत्त्वाचं वाटतं, रेंजसाठी, म्हणजे एका चार्जिंगमध्ये मिळणाऱ्या अंतरासाठी, नंतर.

आता एसी. रेंज वाचवायला एसी बंद करून एप्रिलच्या उन्हात मागच्या सीटवर आजीला घामाघूम बसवलेलं मी पाहिलं आहे, आणि मला ते अजिबात पटत नाही. गाडी थंड झाल्यावर एसी तासाला साधारण एक युनिट खातो, म्हणजे फार तर सात किलोमीटर. त्यापेक्षा वेग कमी करा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. शंभरवरून ऐंशीवर आलात तर तो एक तृतीयांशाहून जास्त घटतो आणि एसीच्या खर्चापेक्षा जास्त वीज वाचते. एसी चालू ठेवा, पाय हलका ठेवा.

चार्जरवर ८० टक्क्यांच्या पुढे बसून राहू नका. ८०नंतर बॅटरी मुद्दाम हळू भरते, आणि शेवटच्या वीस टक्क्यांना जवळपास आधीच्या सत्तर टक्क्यांएवढा वेळ जाऊ शकतो. मागे कुणी वाट बघत असेल तर त्याच्यासाठीही उठा. गणपतीच्या दिवसांत तर हे कळकळीने सांगते. चाकरमानी एकाच वेळी कोकणात उतरतात आणि दोन गनवर रांग लागते. बऱ्याच ठिकाणी दोन्ही गन एकाच मशीनच्या असतात, शेजारी दुसरी गाडी लागली की वीज दोघांत वाटली जाते. त्या दिवसांत मी रात्री घरी पूर्ण भरून पहाटे निघते. निघण्याआधी ॲपमध्ये चार्जरच्या नावाखाली आदल्या एक-दोन दिवसांत कुणी ‘चालू आहे’ असं नोंदवलंय का ते बघते. मी स्वतः भरलं की तशी नोंद करते. आपल्या एका ओळीवर मागून येणाऱ्या अनोळखी कुटुंबाचा प्रवास अवलंबून असतो.

मुक्कामाच्या घरी फास्ट चार्जर लागत नाही. गीझरचा किंवा पंपाचा असतो तसा पंधरा अँपियरचा पॉइंट पुरतो. तासाला तीनेक युनिट, रात्रीत बॅटरी बरीचशी भरते. कोकणात अडचण येते ती अर्थिंगची. अर्थिंग नीट नसेल तर गाडीसोबतचा चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो, आणि त्याचं बरोबरच असतं. उन्हाळ्यात जमीन वाळली की जुनं अर्थिंग कमकुवत होतं. आमच्या वायरमनने अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला सांगितलं, तेव्हापासून मी निघाल्याचा फोन केला की दादा विचारतो, ‘बादली ओतू ना गं?’ पुढे त्याने नवं अर्थिंगच करून घेतलं. खर्च फार नाही, आणि ते घरातल्या सगळ्यांच्याच जिवाचं रक्षण करतं. एक्स्टेंशनची वायर मात्र लावू नका. तासन्‌तास तेवढा भार वाहिला की ती तापते. आणि लाईट जाणार हे धरून एक रात्र हाताशी जास्त ठेवा.

धीर हवा असेल तर एसटीकडे बघा. १ जून २०२२ला एसटीची पहिली विजेवरची बस ‘शिवाई’ पुण्याहून नगरला धावली, १९४८ साली पहिली एसटी ज्या मार्गावर धावली त्याच मार्गावर. एवढी माणसं घेऊन बस जाते, ती हिशेबावरच जाते.

तरीही सगळ्यांनी घ्यावी असं मी म्हणणार नाही. घरी स्वतःच्या पार्किंगला पॉइंट मिळत नसेल, किंवा कामासाठी वरचेवर एका दिवसात चार-पाचशे किलोमीटर ठरल्या वेळेत गाठावे लागत असतील, तर आज घेऊ नका. बाकीच्यांनी पहिला लांबचा प्रवास ओळखीच्या रस्त्यावर करावा, पावसाळा आणि सण सोडून, आणि ज्या घरी जाणार तिथे आधी फोन करून पंधरा अँपियरचा पॉइंट गाडी उभी राहील तिथून किती लांब आहे ते विचारून घ्यावं.