बाजेखाली लपलेलं लेकरू

मागच्या मे महिन्यात आम्ही सुट्टीला माझ्या सासरी, परभणी जिल्ह्यात होतो. भर दुपारी शेतातल्या आखाड्यावरून, म्हणजे गोठ्याच्या जागेवरून, ओरडा आला. कडब्याची गंजी पेटली होती. मे महिन्यातला ज्वारीचा कडबा कसा पेटतो, हे ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. नशिबानं लाईट होती, मोटार चालू झाली, शेजारच्या आखाड्यांवरची माणसं घागरी घेऊन धावली. बैलं सोडून दिली. तालुक्याहून अग्निशमनची गाडी येईपर्यंत गंजीची राख झाली होती, पण गोठा वाचला.

या सगळ्या धावपळीत माझा सहा वर्षांचा थोरला दिसेना. नावानं हाका मारून घसा बसला. शेवटी सापडला तो गंजीपासून पंधरा पावलांवरच्या पत्र्याच्या खोलीत, बाजेखाली, सरकीच्या पोत्यांमागं. खोलीत धूर भरत होता. माझ्या हाका त्याला ऐकू येत होत्या, तरी त्यानं ओ दिली नाही. काडी त्यानंच ओढली होती. आणि मी त्याला कायम म्हणायचे, "काडेपेटीला हात लावलास तर चामडी लोळवीन."

लेकराला आगीपेक्षा माझी भीती जास्त वाटली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

घाबरलेली लहान मुलं पळत नाहीत, लपतात. बाजेखाली, कपाटात, गोधड्यांच्या ढिगाआड. म्हणून आता आमच्या घरात पहिला नियम असा: आग कुणीही लावलेली असो, पळत बाहेर यायचं, मोठ्यांना सांगायचं, कुणी मारणार नाही. हे मी दोघांना शपथेवर सांगितलंय आणि ते पाळायचं काम माझं आहे.

काडेपेट्या वर ठेवल्या. स्वयंपाकघरातली आधीपासूनच वर होती. खाली राहायची ती देवघरातली, निरांजनाशेजारी, चार वर्षांच्या धाकटीच्या हाताला येईल अशी. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माय, देवाजवळची काडेपेटी कोण उचलतंय?" पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःच ती फळीवर ठेवली.

धुराचं शिकवायला आत्याबाईंचंच जुनं लुगडं कामी आलं. एक टोक त्यांनी धरलं, एक मी, कमरेएवढ्या उंचीवर. हा धूर. धूर वर चढतो, चांगली हवा खाली राहते, म्हणून रांगत दारापर्यंत जायचं. लुगड्याला डोकं लागलं की परत पहिल्यापासून. हा खेळ रोज संध्याकाळी मागून खेळतात. कपड्यानं पेट घेतला तर पळायचं नाही, पळालं की वारा लागून जाळ वाढतो. जागच्या जागी थांबायचं, तोंड हातांनी झाकायचं, खाली पडून लोळायचं. हे अंगणात घोंगडीवर शिकवलं.

गॅसचा वास आला तर लाईटचं बटण दाबायचं नाही, आईला हाक मारायची, एवढंच त्यांना सांगितलंय. रेग्युलेटर बंद करणं आणि दारं-खिडक्या उघडणं मोठ्यांचं काम. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून मी दार सताड उघडते. गॅसगळतीसाठी १९०६, आगीसाठी १०१ आणि ११२ हे आकडे थोरल्यानं खडूनं दारामागं लिहिलेत. ११२ मधला एक उलटा आलाय, तसाच राहू दिला.

भाजण्यावरून मात्र आत्याबाईंशी माझा वाद झाला. त्यांच्या काळात शाई लावायचे, आता टूथपेस्ट लावतात. दोन्ही नको. भाजलेला भाग वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचा, बर्फही नको, आणि मग दवाखाना. उन्हाळ्यात टाकीचं पाणी तापलेलं असतं, म्हणून मी माठातलं तांब्यानं ओतत राहते.

बाहेर पडल्यावर जमायची जागा ठरलीय, अंगणातला लिंब. काही घ्यायला आत परत जायचं नाही. "माझी बाहुली आत राहिली तर?" धाकटीनं विचारलं. राहू दे, मी म्हटलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर लुगडं दोन खुर्च्यांना बांधून ती बाहुलीला त्याच्याखालून सरपटत लिंबाकडं नेत होती.