तुम्ही विचारलंत म्हणून: लेण्यांत जाऊन खरंच बरं वाटतं का?

आत्याने परवा पुन्हा विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना? मग सारखी त्या बेडशाला काय जातेस? दगड बघून मन बरं होतं होय?" ऑफिसातही हेच. बेडसे म्हणजे पुणे जिल्ह्यात, मावळातल्या डोंगरात कोरलेली जुनी बौद्ध लेणी. एकदाचं सांगून टाकते.

गोळ्या बंद केलेल्या नाहीत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय करणारही नाही. लेणी म्हणजे औषध, असं मी कधीच म्हटलेलं नाही.

बाबा गेले तेव्हा मला रडूच आलं नाही. भेटायला येणाऱ्यांचा चहा, बँकेची कागदपत्रं, वर्षश्राद्ध, सगळं पार पाडलं. झोप मात्र उडाली ती उडालीच. तेव्हा शिलालेख वाचणारी एक मैत्रीण मला बळेच बेडशाला घेऊन गेली. पहाटेच निघालो, कारण तिथला चैत्य, म्हणजे बौद्धांचं कोरीव प्रार्थनागृह, पूर्वाभिमुख, ऊन सकाळीच आत येतं. पायऱ्या चढून वर गेलं तरी चैत्य दिसत नाही. समोरचा कातळ तसाच ठेवलाय. चिंचोळ्या वाटेने आत शिरलं की एकदम ते उंच खांब, वर घोडे, हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली माणसं. दोन हजार वर्षांपूर्वीचं काम. मला काही म्हणता काही वाटलं नाही.

बाजूला कातळातच कोरलेला एक छोटा स्तूप आहे. तिथे फारसं कुणी थांबत नाही. तिथली झिजलेली ब्राह्मी अक्षरं दाखवत मैत्रिणीने अर्थ सांगितला: रानात राहणाऱ्या, भिक्षेवर जगणाऱ्या गोभूती नावाच्या भिक्षूंचा हा स्मारक-स्तूप, त्यांच्या आसाळमित्र नावाच्या शिष्याने करवलेला. एवढंच. मी तिथेच बसले आणि हमसून हमसून रडले. तिने पाण्याची बाटली पुढे केली, बोलली काहीच नाही.

घरी सगळे 'सावर आता' म्हणत होते. इथे एका शिष्याने आपल्या गेलेल्या माणसासाठी कातळ फोडून घेतला होता, आणि त्याचं नाव अजून तिथे होतं.

त्या रात्रीही झोप लागली नाही, हेही सांगते. आईला एकटं टाकून डोंगर चढणं हा पळपुटेपणा आहे, असं तेव्हा मीच स्वतःला बजावत होते. त्यावर आजही माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पण शोकाला मुदत नसते, हे मला पटलं ते तिथे, आणि म्हणून मी जाते.

आत्या, तुझाही भाऊच गेलाय. पायऱ्या चारशेच्या आसपास आहेत. झेपतील का सांग, हळूहळू चढू.