‘मॅडम, काही ओपनिंग आहे का?’

एप्रिल-मेमध्ये इन्क्रिमेंटची पत्रं हातात पडली, किंवा दिवाळीचा बोनस खात्यात जमा झाला, की माझ्या फोनवर हा मेसेज रांगेने येतो. चिंचवडला आमची छोटी कन्सल्टन्सी आहे. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कारखान्यांना क्वालिटी, टूलरूम, मेंटेनन्स, डायकास्टिंगची माणसं आम्ही शोधून देतो. ‘ओपनिंग आहे का’ला मी काय उत्तर देणार? ओपनिंग असतातच. तुम्ही कोण, काय करता, ते कळलं तर पुढे बोलता येईल.

आमचं पोट कशावर चालतं ते आधी सांगते. पैसे कंपनी देते. रूढ दर ८.३३ टक्के, म्हणजे तुमच्या वर्षाच्या सीटीसीचा (कंपनीचा तुमच्यावर होणारा एकूण खर्च) बारावा भाग. तोही तुम्ही रुजू झाल्यावर. तीन महिन्यांच्या आत सोडून गेलात तर बहुतेक करारांत आम्हाला दुसरा माणूस फुकट द्यावा लागतो. त्यामुळे मी तुमच्याशी कितीही गोड बोलले तरी माझं गिऱ्हाईक कंपनीच. ‘माझ्यासाठी काहीतरी बघा ना’ म्हणणाऱ्यांचा इथेच घोळ होतो. माझ्याकडे पोझिशन आलेली असते आणि तिच्यात बसणारा माणूस मला गुरुवारपर्यंत हवा असतो, एवढंच.

मध्यंतरी एकाचा मेसेज आला: ‘मॅडम, डायकास्टिंगमध्ये क्वालिटीला आहे, सात वर्षं. पीपॅप आणि कस्टमर कम्प्लेंट मी बघतो. सीटीसी ७.२ लाख, नोटीस दोन महिने. चाकण, तळेगाव चालेल. रांजणगाव नको.’ (पीपॅप म्हणजे नवा पार्ट गिऱ्हाईक कंपनीकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं.) सोबत सीव्ही, फाइलला स्वतःचं नाव दिलेलं. (‘फायनल न्यू २’ नावाच्या सीव्हींनी माझा लॅपटॉप भरलाय.) त्या ‘रांजणगाव नको’वर मी खूश झाले. निगडीत राहणारे लोक लांबच्या रांजणगावला आधी उत्साहात हो म्हणतात आणि ऑफर आल्यावर कंपनीची बस कुठून सुटते ते विचारतात.

चालू पगार वाढवून सांगू नका. ऑफरच्या आधी तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागतात, फॉर्म १६ मागतात, आणि कुठल्या कंपनीने कधीपासून कधीपर्यंत तुमचा पीएफ भरला ते यूएएनच्या (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) नोंदीत दिसतं. अपेक्षित आकडा मात्र खुशाल मोठा सांगा. इथे आमच्या धंद्यातलं एक गुपित फोडते. तुमचा पगार वाढला तर माझी फीसुद्धा वाढते, हे खरं. पण पन्नास हजारांच्या वाढीवर मला मिळतात जेमतेम चार हजार, आणि त्यापायी पोझिशनच हातची गेली तर अख्खी फी बुडते. म्हणून ‘याच्यावर कंपनी जाणारच नाही’ असं मी म्हटलं, की तुम्ही शांतपणे विचारायचं, ‘बजेट काय आहे त्यांचं?’ विचारणाऱ्याचा मला कधी राग येत नाही. बहुतेक जण विचारतच नाहीत.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट. सीव्ही दहा कन्सल्टंटना पाठवला की दहापट संधी, असं लोकांना वाटतं. होतं काय, दोघं जण तुमचा सीव्ही एकाच कंपनीला पाठवतात. तिथल्या एचआरला फी कोणाची यावरून भांडण नको असतं, मग ती सरळ दुसरा उमेदवार बघते. तुम्हाला कारणही कळत नाही. म्हणून पहिल्याच फोनवर ठणकावून सांगा: ‘कंपनीचं नाव सांगा, मी हो म्हटल्याशिवाय सीव्ही पुढे पाठवू नका.’ कोणाकडून कुठे गेला ते वहीत लिहून ठेवा. नाव सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे बहुधा पोझिशनच नसते, नुसते सीव्ही गोळा करणं चाललेलं असतं.

नोकरी डॉट कॉमवर शोधताना आम्ही अलीकडे कोण सक्रिय होतं आणि नोटीस किती आहे, असे फिल्टर लावतो. वर्षभर न उघडलेलं प्रोफाइल चांगलं असूनही आमच्यापर्यंत पोचत नाही. अधूनमधून उघडून चार ओळी ताज्या करा, बास.

इथल्या नोकरीसाठी कोणी तुमच्याकडे ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे मागितले तर फोन ठेवून द्या. आखाती देशांतल्या कामाचं वेगळं आहे. तिथे १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी असलेला एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेऊ शकतो. तो नोंदणीकृत आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतं.

‘कळवते’ म्हणून मी कळवलं नाही, अशी तक्रार असते. बरेचदा कंपनीनेच मला काही कळवलेलं नसतं. आठवड्याने एक फोन करा. रोज ‘गुड मॉर्निंग’ नको, कृपा करून.

आणि येणार नसाल तर सांगा. जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करून बसणारे दर वर्षी भेटतात. गेल्या वर्षी एका मेंटेनन्सवाल्याने तीन आठवडे आधी फोन केला, ‘मॅडम, जुन्या कंपनीने पगार वाढवला, मी थांबतोय.’ मी चिडले, पण दुसरा माणूस उभा करायला वेळ मिळाला. यंदा चाकणमध्ये तशीच पोझिशन आली तेव्हा पहिला फोन त्यालाच केला. त्याला यायचं नव्हतं. त्याने मेहुण्याचा नंबर दिला. मेहुण्याचा सोमवारी इंटरव्ह्यू आहे.